बैलाने खाल्लेली खूण

पोशेऱ्याच्या पुलावरून मी गेलो तेव्हा डोक्यावर काचांची पेटी होती, म्हणून मागं वळून बघता आलं नाही. गावात अजून कुणी म्हणत असेल की लक्षा बायकोकडं न बघता निघून गेला, तर त्यानं हे वाचावं. वळलो असतो तर पेटी खाली आली असती. आयस, माझी आई, पुलाच्या कडेला उभी होती. एवढंच म्हणाली, "वझं काचेचं हाये. पायाखाली बघून चाल." बाबा आलाच नाही. भात निसवलं होतं, कापणी तोंडावर आली होती आणि घरातला धडधाकट गडी परक्या माणसामागं चालला होता. राग येणारच.

हे मी गावात राहिलेल्यांना लिहितोय आणि गाव सोडून नाशकाला, मुंबईला गेलेल्यांनाही. माझी बायको मंगळी वारली, त्याला चार महिने झाले. मी शिकलेला नाही. माझी अक्षरं पुलांच्या नावांवर घोटलेली आहेत, ते कसं ते सांगतो. रडगाणं ऐकवायला बसलेलो नाही. ज्यांचे उपकार झाले त्यांची आठवण काढायची आहे. त्यात एक बैलही आहे.

ज्यांच्यामागं मी गेलो ते तात्या, नाशकाचे फोटूवाले. जव्हारला तेव्हा राजाचं राज्य. लोकांना वाटलं हा माणूस राजवाड्याचा फोटू काढायला आला असेल. तर हा गाडी थांबवून ओढ्यात उतरतो आणि पुलाच्या पोटात शिरून दगड चाचपतो. जुने दगडी पूल शोधत फिरायचं आणि त्यांचे फोटू काढायचे, हाच त्याचा नाद. आमच्या पाड्यावरचे म्हातारे म्हणाले, याचं कायतरी हरवलंय पुलाखाली. तात्यांचा हमाल तापानं मोखाड्यात पडला म्हणून जव्हारच्या फेरीला मला घेतलं, आणि पुढं नाशकाला. काय करायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गाडीच्या धक्क्यानं काचा फुटतात. पेटी उचलायची आणि पुलावर उभं राहायचं."

पूल केवढा आहे ते फोटूत कळावं म्हणून त्यावर माणूस उभा करायचा असतो. तो माणूस मी. कमानीच्या बरोबर मधोमध काठी धरून उभं राहायचं आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण परत बसेपर्यंत हलायचं नाही. तात्या मला "माझं माप" म्हणत. मला बरं वाटायचं. घरी मी कशाचंच माप नव्हतो.

आता ती चूक. कॅमेऱ्यात लाकडी चौकट सरकवतात आणि चौकटीत काच असते. काचेनं एकदा उजेड घेतला की ती संपली. तीच पुन्हा लावली तर दुसरं चित्र पहिल्यावर चढतं आणि दोन्ही जातात. म्हणून वापरलेल्या चौकटीला तात्या लाल दोरा बांधायचे. जव्हारच्या अलीकडं दोन कमानींचा एक पूल आहे, तिथं माझा उभ्याचा फोटू झाला आणि दोरा संपला. मी म्हटलं, त्यात काय? आमच्याकडं रानात कुणी लाकडाचा भारा ठेवून गेला तर त्यावर गवताची गाठ मारून जातो. गाठ दिसली की दुसरा हात लावत नाही. मी शेतातली भाताची हिरवी पात तोडली आणि चौकटीला गाठ मारली. तात्यांना खूण आवडली. "ही नाशकात चालवू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाशकाच्या वाटेवर पोशेऱ्यात गाडी सोडली, बैल मोकळे केले आणि मी घरी निरोप घ्यायला गेलो. चौकटी गाडीत फडक्याखाली होत्या. पातीचं शेपूट बाहेर लोंबत होतं. ढवळ्या बैल गाडीला तोंड लावून उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कडबा खातोय असं वाटलं.

निघताना तात्यांना आमच्या ओढ्यावरचा पूल दिसला. एका कमानीचा, लहान, पण दगड असे बसवलेले की नख जायचं नाही. कॅमेऱ्याची तिकाटणी वाळूत रुतायला लागली म्हणून तात्या स्वतः गुडघाभर पाण्यात तिचा पाय धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "चौकट सरकव, टोपण तू काढ. माप म्हणून तिला उभी कर." मंगळी भाकरीचं गठुळं घेऊन मला वाटेला लावायला आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आयस लगेच ओरडली, "उभी नको राहूस गं! काचेत माणूस अडकतं."

मंगळीनं ऐकलं नाही. गठुळं डोक्यावर ठेवून कमानीवर जाऊन उभी राहिली. मी ओरडून सांगितलं, "वीस म्हणेस्तोवर हलू नको."

"हलले तर काय व्हईल रं?"

"वाहून जाशील."

"जाणारा तर तू हायेस," ती म्हणाली. पण हलली नाही. मी टोपण काढलं, वीस म्हटलं, टोपण लावलं. माझ्या हातचा तो पहिला फोटू.

नाशकात तात्यांनी काच धुतली आणि मला हाक मारली. बैलानं खूण खाल्लेली, आणि तीच चौकट मी पुन्हा लावलेली. पुलावर पूल चढला होता. तात्या शांत माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "गाढवा, दोन पूल घालवलेस! खरवडून टाक ती." बिघडलेल्या काचा गरम पाण्यात सोडा टाकून खरवडायच्या आणि देवांच्या तसबिरींना वापरायच्या, असं चालायचं. मी ती खरवडली नाही. खरवडायच्या ढिगात तळाला सारली, आणि दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी मला अक्षरं शिकवायला घेतली. "पातीवर भरवसा ठेवणारा माणूस मला परवडायचा नाही," म्हणाले. काचेच्या पाकिटावर पुलाचं नाव, गाव, ओढा. असं लिहीत लिहीत मी लिहायला शिकलो. ते रागावले नसते तर हा कागदही झाला नसता. तात्या आता नाहीत. त्यांचे उपकार मी पायातल्या वहाणेपासून डोक्यातल्या अक्षरापर्यंत मानतो.

मंगळी वर्षानं आली. आली तेव्हा मला "अरं" म्हणायची. शेजारणींनी शिकवलं तेव्हा "अवं" म्हणायला लागली, रागावली की मात्र अरंच. तिथं चुलीला लाकूड आणायला रान होतं, इथं वखार. तिथं ओढा, इथं नळाला रांग. तिला इथला भात गिळगिळीत लागायचा, म्हणून पोशेऱ्याहून दर साली नागली, इथली नाचणी, यायची आणि ती एका मडक्यात भरून ठेवायची. ज्यांनी ती नागली इतकी वर्षं धाडली त्यांनी इथं माझा रामराम घ्यावा. तात्यांनी तिला अंगणात काम दिलं, काचा खरवडायचं. तिचे हात सोड्यानं उलायचे, पण तिनं कधी काम सोडलं नाही.

आल्या आल्या तिनं विचारलं, "माझा फोटू कुठं?" मी म्हटलं, बिघडला. कसा बिघडला ते सांगितलं नाही. बैलानं खूण खाल्ली हे बायकोला सांगायला लाज वाटली. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढं आठवण झाली तेव्हा मी ढिगात काच शोधली, ती नव्हती. वाटलं, तिच्याच हातानं खरवडली गेली असणार. ते तर कुणालाच सांगितलं नाही. पोरं झाली, मोठी झाली. तात्या दोनतीनदा म्हणाले, या बसा दोघं, फोटू काढतो. ती दर वेळी नाही म्हणायची. मी म्हटलं, अगं एक तरी असू दे. तर म्हणायची, "एक हाये की." मला वाटायचं टोमणा मारते.

ती गेली आणि घरात तिचा चेहरा कुठंच नव्हता. महिनाभरात मला तिचं नाक नीट आठवेना. इतक्या लोकांचे फोटू मी धुतले, आणि माझ्या घरची भिंत मोकळी. कुणावर रागवायचं? चूक माझी होती.

गेल्या आठवड्यात सून म्हणाली, मामंजी, आत्याबाईंच्या मडक्यातल्या नागलीला कीड लागेल, उन्हात घालू का? मी स्वतः मडकं उपडं केलं. नागलीबरोबर तात्यांच्या काळ्या कापडाचा तुकडा पडला. कॅमेऱ्यावर पांघरायचं ते कापड. त्यात काच.

बिनखरवडलेली. तिला ढिगात सापडली होती. तिनं ओळखली, ठेवली आणि माझी लपवाछपवी आयुष्यभर चालू दिली.

काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. पण मागं काळं कापड धरून तिरकी केली तर सुलटं दिसतं. काचा धुणाऱ्या माणसालाच ते ठाऊक असतं, आणि तिनं कापडासकट ठेवली होती. मी उन्हात बसून तशी धरली. जव्हारच्या दोन कमानींतून पोशेऱ्याची एक कमान वर आलेली. मागं दोन्हीकडं गर्द काळोखी झाडी, म्हणून एकमेकांना न पुसता माणसं उमटली. डावीकडं काठी धरून मी. माझ्यापासून हातभर अंतरावर डोक्यावर गठुळं घेतलेली ती. तोंड नागलीच्या दाण्याएवढं. पण नाक आहे.

आयसचं खरं झालं, माणूस काचेत अडकलं. बरं झालं अडकलं. ढवळ्यानं पात खाल्ली नसती तर त्या काचेवर मी एकटाच असतो.

पोरं विचारतात, म्हातारपणी गावी जायचं की इथंच? तुम्ही पण निरोप धाडता, घरी ये. तुमचे उपकार आहेत, पण मी कुठं येऊ? या कागदाबरोबर त्या काचेचा छाप धाडतोय. हा पूल कुठला म्हणून भांडत बसू नका. असा पूल जव्हारात नाही, पोशेऱ्यात नाही आणि नाशकातही नाही. आमचं घर मात्र त्याच्यावर आहे.