एक जुडी बाजूला

रोज संध्याकाळी गॅस पेटवण्याआधी मोठीमाय टोपलीत हात घालायची. वाकून पाहायची नाही, नुसता हात घालायची. तळाशी ओल्या गोणपाटाखाली जे लागेल ती त्या रात्रीची भाजी. कधी मेथीच्या तीन जुड्या, कधी माना टाकलेला शेपू, कधी नुसता सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. काहीच लागलं नाही की ती हसायची, टोपली पालथी करून दोनदा थोपटायची आणि पिठलं टाकायची. आज काय करू, असं चाळीस वर्षांत तिने घरात कोणाला विचारलं नाही. ते बाजार ठरवायचा.

मोठीमाय म्हणजे सत्यभामाबाई, माझ्या मोठ्या काकांची बायको. बुलढाण्याजवळच्या धाडपासून जीपने दहा मिनिटांवर तिचं गाव, गावाबाहेर विहिरीला लागून पालेभाजीचे वाफे. पहाटे भाजी काढणं काकांचं, म्हणजे महादेवरावांचं. जुड्या बांधणं तिचं आणि विकणंही तिचंच, कारण महादेवरावांना भाव सांगायची लाज वाटते. गिऱ्हाईकाने "एवढी महाग?" म्हटलं की ते आपणहून कमी करतात. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिने त्यांना टोपलीजवळून उठवलं, ते अजून परत बसलेले नाहीत.

धाडला स्टँडजवळ तिची जागा ठरलेली. शेजारी अन्नपूर्णाबाई बसायची, आलं-लसूण घेऊन. दोघी वीस वर्षं एकमेकींशी सावलीवरून भांडल्या आणि एकाच डब्यातून जेवल्या. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अन्नपूर्णाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. मोठीमाय भेटायला गेली तेव्हा ती सगळ्याला "ना ना ना" एवढंच म्हणत होती, हसतानासुद्धा. परत आल्यावर मोठीमाय दोन दिवस कोणाशी भांडली नाही. अन्नपूर्णाबाईच्या जागेवर तिने आपल्या गोणपाटाचं टोक पसरलं आहे. तिथे ती कोणाला बसू देत नाही.

मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत तिच्या छातीत फडफड सुरू झाली.

"डालीखाली कोंबडी झाकावी ना, तसं होऊन राह्यलं," ती मला फोनवर म्हणाली. "मधीच गप बसते, मधीच पंख झाडते."

मी बुलढाण्याला खोली करून राहते, त्यामुळे दवाखाना माझ्याकडे आला. डॉक्टर मंजुश्रींनी तिच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि सांगितलं की ठोके बेताल पडतात. "मावशी, हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. मग एका कोपऱ्यात रक्त साचून राहतं आणि त्याची गाठ होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा."

"म्हंजे पाटाच्या वळणावर पाणी थांबलं की शेवाळ धरते, तसं."

"अगदी तसं."

"आन शेवाळाचा गोळा सुटला की पुढच्या वाफ्याचं तोंड बुजते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार आहे."

धोका किती, हे मोजायची एक रीत असते. डॉक्टर बोटं दुमडत गेल्या. वय अडुसष्ट, एक मार्क. बीपी, एक. शुगर, एक. बाई, एक.

"बाईचा काऊन?"

"बायकांना धोका थोडा जास्त धरतात."

"पाह्य व माय! जल्मात पह्यल्यांदा बाई हाय म्हणून मार्क भेटला, आन तोबी असा! बरं, चार म्हंजे पास का नापास?"

"चार म्हणजे गोळी," डॉक्टर म्हणाल्या.

गोळी रक्त पातळ ठेवायची. जुनी, स्वस्त, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी. अट एकच, महिन्याला रक्त तपासायचं. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गाठीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. आणि पालेभाजी रोज तेवढीच खायची, कारण हिरव्या पाल्यात या गोळीचा जोर मारणारं एक जीवनसत्त्व असतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती थांबली. "मरण आलं त येवो. पण अन्नपूर्णीसारखं तोंड बंद होऊन बसाचं नाही मले. भाव सांगता आला पायजे."

पहिला आकडा छान आला. पुढे त्याने जे नाचायला घेतलं! महालक्ष्म्यांनंतर, म्हणजे तुमच्या गौरींनंतर, तीन पूर्णांक सहा. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. दिवाळीनंतर एक पूर्णांक चार. गोळी थोडी वाढवली. त्यांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? सोबत आलेले महादेवराव पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसले. खिशातून त्यांनी रिकामी पाकिटं काढली. प्रत्येक खळग्यावर बॉलपेनने तारीख घातलेली होती.

"एकबी नाही चुकली," ते म्हणाले. "म्या समोर बसून खाऊ घालतो."

"हो," मोठीमाय म्हणाली, "आन जीभ वर करून दाखवा लागते. शाळेतल्या पोरासारखी."

इथे शेखरने उडी घेतली. शेखर तिचा मुलगा, शेगावला एका लॉजच्या काउंटरवर असतो. रात्री गिऱ्हाईक नसलं की फोनवर डॉक्टर होतो. त्याने सगळं वाचून काढलं आणि हुकूम सोडला: "आई, हिरवं एकदम बंद! पानसुद्धा नाही!"

पंधरा दिवस त्या घरात बटाटा आणि डाळ शिजली. दाराशी मेथीचा ढीग आणि ताटात बटाटा. "भाजीवालीच्या घरी बटाटा!" ती कुरकुरायची. "गावाले समजलं त माह्याजवळून कोण घेईन?" तरी पाळलं तिने. गोणपाटाचं ते टोक रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं.

सोळाव्या दिवशी भर बाजारात तिच्या नाकातून रक्त आलं. समोरच्या बाईच्या हातात पालकाची जुडी होती, तिच्यावर दोन थेंब पडले आणि ती बाई किंचाळली. मोठीमायने एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्याने ती जुडी काढून घेतली आणि नाकातल्या आवाजात म्हणाली, "हे नको घेऊ, दुसरी देते." नाक धरून तिने आणखी दोन गिऱ्हाइकं केली. मग जीपवाल्यानेच तिला बुलढाण्याला आणून सोडलं, महादेवराव मागून पोचले.

आकडा पाच पूर्णांक दोन.

डॉक्टर मंजुश्री मऊ बोलतात, पण त्या दिवशी फोन लावायला सांगून त्यांनी शेखरला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. दोन दिवस गोळी थांबवली. पालेभाजी बंद करायची नव्हती, रोज तेवढीच खायची होती, हे पुन्हा सांगितलं. मग त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत बसल्या.

"मावशी, महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरी काय खाल्लं?"

"काय खाईन? नैवेद्याले सोळा भाज्या लागते लोकायले. टोपली रोज उलटी. पिठलंच खाल्लं."

"आणि दिवाळीनंतर?"

"तवा त इचारूच नका. ज्याच्या त्याच्या वावरात मेथी. भाव पडला. सकाळी मेथी, रात्री मेथी, न्याहारीले कच्च्या मेथीचा घोळाना."

डॉक्टर हसायला लागल्या. "माझी आई जानेफळच्या बाजारात मिरच्या विकायची. उरल्या की आठवडाभर ठेचा." त्यांनी दोन रिपोर्टांवर बोट ठेवलं. "भाव चढला, तुम्ही पाला खाल्ला नाही, रक्त पातळ. भाव पडला, उरलेला सगळा तुम्ही खाल्ला, रक्त घट्ट. मी इथे बसून धाडचा बाजारभाव वाचत होते आणि मला वाटलं, गोळीचंच काहीतरी चुकतंय."

महादेवरावांनी मान डोलावली. त्यांच्या तारखा निर्दोष ठरल्या होत्या.

मग डॉक्टर म्हणाल्या, आता नीट विचार करू. रस्ते बरेच आहेत. त्यांनी नव्या गोळीपासून सुरुवात केली, पण मोठीमायने त्यांना हातानेच थांबवलं.

"डॉक्टरीणबाई, जुडी बांधताना चांगली पानं मीबी वरच्या अंगाले ठेवते. तुमी मले जुडी सोडून दाखवा."

डॉक्टरांनी एकेक जुडी सोडली. नवी गोळी: महिन्याची तपासणी नाही, भाजीचं बंधन नाही, मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका जुनीपेक्षा कमी. आतली पानं: महाग पडते, गोळीच्या प्रकाराप्रमाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावी लागते, मूत्रपिंडाकडे अधूनमधून पाहावं लागतं, आणि चुकवली तर लगेच उघडा पडतो माणूस.

"ते लहान गोळी? हार्टवाले घेते ते? आमच्या गावात तिनं सारेच बरे होते."

"ती तुमच्या कामाची नाही. गाठ पुरेशी अडवत नाही आणि रक्त जायचा धोका मात्र असतोच."

"वरून हिरवी, आतून किडकी. आन शेखर म्हणते ते टोपण?"

शेखरच्या मनात आईच्या हृदयातला तो कोपरा बंद करायचं उपकरण भरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, मांडीच्या शिरेतून नेऊन ते बसवतात, पण ज्यांना या गोळ्या चालतच नाहीत त्यांच्यासाठी. मोठ्या शहरात जावं लागतं, त्यातही जोखीम असते, आणि बसवल्यावरही काही दिवस औषध लागतंच.

"म्हंजे टोपण लावूनबी गोळी! राहू द्या. आपली जुनीच बरी, स्वस्तातली."

"मला विचाराल तर नवी गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "पण जुनीवर राहायचं असेल तर एकच करा. सकाळी, विकायला बसण्याआधी, तुमची भाजी बाजूला काढा. रोज एक लहान जुडी. जास्त नाही, कमी नाही. तीन महिने बघू. आकडा सुधारला नाही, तर मी तुमचं ऐकणार नाही."

ऐकायला सोपं वाटलं. पहिल्या दिवशी मोठीमायने जुडी बाजूला काढली आणि दहा वाजता विकून टाकली. रोजची गिऱ्हाईक आली, तिने मागितली, हिचा हात गेला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठी सगळ्यात मरगळलेली जुडी निवडली. "मलेच त खाची हाय," म्हणाली. तिसऱ्या दिवशी महादेवराव चाळीस वर्षांनी धाडच्या बाजारात टोपलीजवळ आले. त्यांनी ढिगातली सगळ्यात कोवळी जुडी उचलली, तिच्याभोवती लाल दोरा गुंडाळला आणि गोणपाटाच्या टोकावर, अन्नपूर्णाबाईच्या जागेवर ठेवली.

"हे काय?"

"गोळी," ते म्हणाले आणि परतीच्या जीपकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते. लाल दोरा सोडून तिने पालक निवडायला घेतला. प्रत्येक पान उजेडाकडे धरून पाहत होती. माना न टाकलेली भाजी तिच्या सुरीखाली कधी आलीच नव्हती बहुतेक. बेसन लावून पालकाचं आळण झालं, तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अवो, लोकायले आपण हे खाऊ घालतो काय?"

"हो," महादेवराव म्हणाले.

"मंग भाव कमीच हाय आपला."

पुढचे तीन आकडे असे आले: दोन पूर्णांक तीन, दोन पूर्णांक सहा, दोन पूर्णांक चार. तिसऱ्या वेळी शेखर शेगावहून स्वतः आला होता. त्याने नव्या गोळीची चौकशी करून ठेवली होती, खर्च तो करणार होता. डॉक्टरही म्हणाल्या, मावशी, तुमची मूत्रपिंडं उत्तम आहेत, बदलायची तर आता बदलू.

मोठीमायने पदर सारखा केला. "नव्या गोळीवर मी काहीबी खाल्लं त चालन?"

"चालेल."

"कितीबी?"

"कितीही."

"उरलेलं, सुरलेलं?"

"तेही."

"मंग नाही पायजे."

शेखरने कपाळाला हात लावला. "आई, काऊन पण?"

"थे गोळी घेतली की मी पुन्हा टोपलीत हात घालते का नाही, पाह्यजो," ती म्हणाली. "जे हाताले लागन ते खाईन. हे गोळी हाय तोवर ताजी जुडी खाले मले डॉक्टरचा हुकूम हाय. तुह्या बापालेबी हाय, जुडी काढून ठेवाचा."

मग डॉक्टर मंजुश्रींनी कागद पुढे ओढला. "अट लिहून देते. दोनदा आकडा बिघडला की नवी गोळी, वाद घालायचा नाही. पडलात, डोक्याला लागलं, शौचाला काळं झालं, तर बाजार सोडून आधी इकडे."

"बाजार उठल्यावर नाही चालन?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि भाव करून उठली.

मागच्या बाजारच्या दिवशी मी धाडला उतरले. ऊन वर आलं होतं, टोपली अर्धी झाली होती. मोठीमायचा आवाज स्टँडपर्यंत ऐकू येत होता. समोर एक बाई लाल दोऱ्याची मेथी हातात घेऊन उभी होती, आणि दुप्पट पैसे द्यायला तयार होती.

"ठेव व बाई, थे नाही विकाची," मोठीमाय म्हणाली. "थे माही हाय. तू दुसरी घे."