मामांची ओरिजिनल गाडी

गाड्या चालवणारी, विकणारी, धुणारी माणसं जगात उदंड आहेत. पण वर्षानुवर्षं एकच गाडी जोडत राहून तिला एकदाही रस्त्याचं तोंड न दाखवणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो माझा मामेसासरा आहे. टोरोंटोच्या एका ऑफिसात मामांनी इमानेइतबारे नोकरी केली, जवळच्या व्हिटबी गावात घर घेतलं, मुलांची शिक्षणं, लग्नं सगळं वेळच्या वेळी पार पाडलं. वेळेवर झाली नाही ती फक्त गॅरेजमधली गाडी. साठच्या दशकातली, दोन दारांची, रुंद खांद्यांची, आठ सिलिंडरांची अमेरिकन गाडी. ही महाराणी आत हीटर लावून बसायची आणि रोजची गाडी बिचारी बारा महिने ड्राइव्हवेवर. जानेवारीत तिच्यावरचा बर्फ फावड्याने उपसताना मामांना कधी वाईट वाटलं नाही. "तिला सवय आहे," म्हणायचे.

मामांचा एकच धर्म होता : ओरिजिनल. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जसा स्क्रू होता तस्साच हवा. एका दाराच्या हँडलसाठी ते थेट अडीच हजार किलोमीटरवरच्या सस्कॅचेवानला जाऊन आले; निघताना मामींना सांगितलं, "अगं, प्रेअरीची गवताळ माळरानं बघायला जाऊ." मामींनी तिथे प्रेअरी पाहिली नाही, भंगाराची तीन आवारं पाहिली. मी मिनीव्हॅन घेतली तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर मामांनी पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "जावईबापू, मुलं मोठी झाली की सुटाल यातून."

त्यांच्या घरी जेवायला जाणं ही जोखीमच. इंजिनातल्या काही कड्या घट्ट बसवायच्या असतील तर त्या आधी थंडीने आकसाव्या लागतात म्हणे, आणि ज्यात बसवायच्या ते लोखंड गरम करावं लागतं. त्यामुळे फ्रीजरमध्ये खोवलेला नारळ, मटार आणि इंजिनाचे अवयव गुण्यागोविंदाने नांदत. एका गणपतीत मी मामींना मदत करायला म्हणून फ्रीजरमधून फॉइलचं पुडकं काढलं, पुरणपोळ्या समजून मायक्रोवेव्हकडे निघालो, तर मामा लग्नात अक्षता पडायच्या वेळी कुणी शिंकलं की वडीलधारे ओरडतात तसे ओरडले. मामी शांतपणे म्हणाल्या, "खालच्या कप्प्यातलं आपलं, वरचं तिचं." 'तिचं' म्हणजे कुणाचं, हे त्या घरात विचारावं लागत नसे.

दसऱ्याला गाडीची पूजा मात्र न चुकता व्हायची. मामी हळदकुंकू घेऊन येत आणि मामा बॉनेटवर आधी प्लास्टिक पसरत, कारण खालचा प्रायमर नाजूक. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडीने ते चिरडायचं, हा आपला रिवाज. पण गाडी जॅकवर, चाकं अधांतरी. लिंबू बापडं दिवसभर तसंच बसून राही आणि संध्याकाळी मामी ते उचलून पोह्यांवर पिळत.

"मामी, तुम्ही कधी बसणार हिच्यात?" असं विचारलं की उत्तर मामाच देत : "पूर्ण झाली की पहिली फेरी हिलाच. लेकच्या काठापर्यंत. पुढच्या उन्हाळ्यात." तो उन्हाळा येई, मामांना कार्ब्युरेटरचा आवाज पटत नसे, पुन्हा सगळं उघडलं जाई. खरं सांगायचं तर मला वाटायचं, मामींना या फेरीचं काही पडलेलं नाही.

मग मामींचे खुबे कुरकुरायला लागले. एकाचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, दुसरा वेटिंग लिस्टवर. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मामांना बजावलं की गुडघे खुब्यांच्या वर जातील अशा कुठल्याही खोलगट आसनावर यांना बसवायचं नाही. त्या दिवशी मी तिथे होतो. मामांचा चेहरा उतरला, कारण त्या ओरिजिनल सीटवर बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसणं. मामी वॉकर पुढे सरकवत म्हणाल्या, "राहू दे हो. पुढच्या वर्षी बघू." आवाजात तक्रार नव्हती, थट्टाही नव्हती. पण त्या खिडकीकडे वळल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मामांनी पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर मामा करवत घेऊन गाडीत शिरलेले. सस्कॅचेवानला जाणारा हा माणूस, त्याने ओरिजिनल सीट काढून भिंतीला टेकवली होती, तिचे खालचे लोखंडी पाय कापले होते आणि तिथे भंगारातून आणलेली एक सीट वेल्ड करायच्या तयारीत होता. मी नीट पाहिलं. मिनीव्हॅनची सीट! जुन्या गाड्यांच्याच नादातला त्यांचा एक दाढीवाला गोरा मित्र दारात हताश उभा होता. "यू आर रुइनिंग इट, माय फ्रेंड," तो म्हणाला. मामांनी मान वर केली नाही. "शी इज फाइव्ह फूट. हर हेड विल फिट," एवढंच म्हणाले.

बर्फ वितळवायचं, गाड्या गंजवणारं मीठ रस्त्यावर पडायच्या आत, ऑक्टोबरातल्या एका लख्ख दुपारी ती फेरी झाली. एक दार रंगवायचं राहिलं होतं. मामी पैठणीवर विंटर कोट आणि पायात स्नीकर्स घालून आल्या, आधी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या, मग मामांनी त्यांचे पाय अलगद आत घेतले. मी मागून अवजारांची पेटी घेऊन मिनीव्हॅनमध्ये. पुढच्या काचेतून मला मामींचा अंबाडा मामांच्या डोक्यापेक्षा चांगला वीतभर वर दिसत होता. लेकच्या काठाशी गाडी वळवायची असं ठरलं होतं. तिथे मामींचा हात उठला, पुढे, अजून पुढे, असा. गाडी सरळ गेली. मी सिग्नलला अडकलो, आणि हिरवा झाल्यावर मुद्दामच घरी वळलो.

आता बाहेर सगळं पांढरं आहे आणि दुसऱ्या खुब्याची तारीख अजून आलेली नाही. ती येईल, सगळं ठीक होईल, असं आम्ही सगळे म्हणतो. गाडीचं राहिलेलं दार मामांनी रंगवलेलं नाही. रविवारी ते गॅरेजचा हीटर लावतात, मामींना हात धरून त्या उंच सीटवर बसवतात आणि दोघं उभ्या गाडीतच चहा घेतात. परवा मी घरातल्या दारातून डोकावलो, तर मामी सांगलीच्या कुठल्याशा मैत्रिणीची गोष्ट सांगत होत्या आणि मामा दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, समोरच्या बंद शटरकडे पाहत ऐकत होते. दार हळूच ओढून घेतलं.