साहेबांच्या फ्लेक्सला झोळ नको

आमच्या मुखेडात साहेबांचा वाढदिवस आला की रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणून फ्लेक्स टांगतात. साहेबांनी पाच वर्षांत काय केलं, हे कुणी विचारत नाही. फ्लेक्सला झोळ पडला का, हे मात्र सगळे मान वर करून बघतात. झोळ पडला की साहेबांचे गाल लोंबतात, आणि तो विरोधकांचा कट ठरतो.

गेल्या वर्षी दोरीचं एक टोक समोरच्या किराणा दुकानाच्या लोखंडी खांबाला आणि दुसरं आमच्या गॅलरीच्या विटांच्या खांबाला बांधायचं ठरलं. त्या गॅलरीत आईचं शिलाई मशीन असतं. घरात ब्लाउज शिवण्याइतका उजेड तेवढ्याच जागी. परवानगी कुणी मागितली नाही. वॉर्डाच्या अध्यक्षानं खालूनच सांगितलं, "काकू, शुभेच्छुकांत तुमचं बी नाव टाकलंय."

बाबा वायरमन होते, जन्मभर तारा ओढलेले. ते म्हणाले, "हातभर झोळ ठेवा रे. ताठ दोरीला मधून जरासं ओढलं तरी टोकाला लई जोर येतो."

"काका, तुमची तार येगळी, आमचे साहेब येगळे," अध्यक्ष म्हणाला.

बाबांनी दोन दांडग्या कार्यकर्त्यांच्या हातात टोकं देऊन ओढायला लावलं. दोरी रेघेसारखी सरळ झाली. मग आईला खाली बोलावलं. आईनं मधोमध दोन बोटं अडकवली आणि दोऱ्याची गाठ सोडवावी तसं आडवं ओढलं. दोघं एकेक पाऊल पुढं धडपडले.

"काकू, इलेक्शनला तुमीच हुबं ऱ्हावा," अध्यक्ष म्हणाला. सगळे हसले.

बाबांनी समजावलं, की मधलं ओझं पेलायला दोरीला थोडं तिरकं व्हावं लागतं. तिरकं होऊ दिलं नाही, तर किलोभर ओझ्यापायी दोन्ही टोकांवर क्विंटलभर ताण येतो. सगळ्यांनी माना हलवल्या आणि दोरी आणखी ताठ बांधली. वर मधोमध पाकळ्यांची टोपली टांगली.

बाबांनी मशीन आत ओढून घेतलं. पत्रकं वाटत वाढलेला मी मनात निषेधाचं पत्रक जुळवत बसलो. विटांना वाचता येत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी साहेब आले. टोपली उलटायची सुतळी अध्यक्षानं ओढली. ती अडकली, म्हणून त्यानं हिसका दिला. पाकळ्या पडल्याच नाहीत. आमचा खांब पडला, कठड्यासकट. खाली कुणी नव्हतं. सगळे गाडीभोवती फोटोत घुसत होते. साहेबांनी वर बघून हात जोडले आणि गाडी पुढं गेली.

"काका, खांबच कच्चा व्हता तुमचा," अध्यक्ष म्हणाला.

आईनं दोरी गुंडाळून मशीनखाली ठेवली. दोरी मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेली होती. "विटा आन, मिस्त्री आन, मंग दोरी ने," ती अध्यक्षाला म्हणाली.

तीन दिवस ती आतल्या खोलीत बल्बखाली शिवत होती. दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या. चौथ्या दिवशी मंडपवाल्यानं दोरीसाठी पिच्छा पुरवला, तेव्हा अध्यक्ष मिस्त्री घेऊन हजर. खांब उभा राहिला. प्लास्टर ओलं असतानाच अध्यक्षानं विचारलं, "काकू, पुढच्या वर्सी हितंच बांधू ना?"

"बांध की," मशीन गॅलरीत सरकवत आई म्हणाली. "पन एक टोक तुझ्या कंबरेला."