डब्ब्यातल्या महालक्ष्म्या

आमचं पहिलं घर चाकांवर होतं. त्याला मी कधी घर म्हटलं नाही. लोक डब्बा म्हणत, मीही डब्बाच म्हणे. महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे बांधबंदिस्तीच्या कामावर ओव्हरसियर. आज ढाणकीकडे, उद्या महागावकडे. भाड्याची खोली घ्यावी तर चुलीला काजळी धरायच्या आत मुक्काम हलायचा. मग यांनी काय करावं? लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रेलर उचलून आणला. पत्र्याचं अंग, दोन चाकं, आत झोपायला फळ्या, एक कपाट, एक खिडकी. जीपच्या मागे अडकवायचा आणि निघायचं. मला विचारलं का? नाव नको. "अवं, पाहून तर घे," म्हणाले, आणि मी पाहिलं तेव्हा तो दारात येऊन उभासुद्धा होता. माझ्या आईला ही बातमी कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, की जावयानं पोरीला घर तर दिलं, पण ते पळतं.

असल्या डब्ब्यात त्या वर्षी श्रावणात सासूबाई राहायला आल्या. दोन वर्षांपूर्वी सासरे गेल्यापासून त्या नागपूरला थोरल्या दिरांकडे होत्या. घराण्याच्या महालक्ष्म्याही तिथंच बसायच्या. पण त्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी सांगून टाकलं, की सोळा भाज्या, पुरणाचा घाट आणि तीन दिवसांचं सोवळं आता आपल्याच्यानं होत नाही. मग दिरांनी मुखवट्यांची पेटी आणि आई, दोन्ही एकाच एसटीत बसवून दिल्या. उमरखेडच्या स्टँडवर आम्ही दोन्ही उतरवून घेतल्या. दिरांचा निरोप सासूबाईंनी स्वतःच सांगितला, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता: जमलं तर ठेवा, नाही जमलं तर दिवाळीच्या आत परत पाठवा. मुखवटे देवळात देऊन टाकू, आईचं पाहू.

आईचं पाहू! मस्तकात तिडीक गेली माझ्या. पण नवी सून, बोलते काय? सासूबाईंनी मात्र आपलं गाठोडं रिकामं केलं नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. रोज सकाळी गाठ सोडायची, एक लुगडं काढायचं, पुन्हा गाठ मारायची. मी म्हटलं, आत्याबाई, कपाटात खण रिकामा आहे. त्या म्हणाल्या, राहू दे व बाई, कशाले पसारा.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या तेव्हा आमचा मुक्काम ढाणकीच्या अलीकडे एका बंजारा तांड्याच्या शेजारी होता. यांनी डब्ब्याच्या आतल्या भिंतीशी दोघींना बसवलं: धान्यानं भरलेल्या कोठ्या, वर मुखवटे, अंगावर माझी लग्नातली लुगडी. एकीकडे थोरली, एकीकडे धाकटी. जागा एवढीच, की त्यांच्यासमोर वाकलं तर पाठ कपाटाला लागे. सासूबाई कोपऱ्यातून सगळं सांगत होत्या, पण पुढे येत नव्हत्या. विधवा बाईनं महालक्ष्म्यांना हात लावायचा नाही, ही रीत त्यांनी आमच्यापेक्षा कडक पाळलेली. दुसरी रीत अशी, की महालक्ष्म्या एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत जागच्या हलवायच्या नाहीत. मधेच हलल्या किंवा पडल्या, तर त्या घराला त्या लाभल्या नाहीत असं समजायचं. म्हणजे गोष्ट उघड होती. या दोघी नीट उठल्या तर पेटी आमच्याकडे राहणार आणि सासूबाईही. नाही तर दोन्ही परत एसटीत.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी बाहेर ताडपत्रीखाली पुरण शिजवत होते, तेव्हा आतून "अव माय" एवढंच ऐकू आलं. धावत जाऊन पाहते तर डब्बा डावीकडे कललेला. डाव्या चाकातली हवा हळूहळू जात होती. थोरली झुकून धाकटीवर रेलली होती, आणि धाकटीचा मुखवटा भिंतीला टेकायच्या बेतात होता. मधे सासूबाई. एक हात थोरलीच्या कमरेला, एक हात धाकटीच्या खांद्याला. आमच्या घराण्यात थोरल्यांचा भार धाकट्यांवर येतो हे मला माहीत होतं, पण देवींनीही तेच करावं म्हणजे कमाल झाली.

यांनी पंप मारून पाहिला. इकडून हवा जाई, तिकडून फुस्स. टायरच्या कडेला बोटभर भेग पडली होती. हे तडक जीप घेऊन उमरखेडला मिस्त्री आणायला गेले. मी सासूबाईंना म्हटलं, थोरलीला दोरीनं खिळ्याला बांधते, तुम्ही बसा. त्या म्हणाल्या, "बांधाले ते का गाय हाये?" म्हटलं, मग मी धरते. तर म्हणाल्या, तू पुरण पाहा, करपून राह्यलं. खरंच करपत होतं. मी बाहेर पळाले, आणि जीप परत येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. दोन वर्षांनी त्यांचा हात देवीला लागला होता. तो सोडायची त्यांना घाई नव्हती असं मला आजही वाटतं.

मिस्त्री म्हणजे उमरखेडचे चाचा. दाढी मेंदीची, हाताची दोन बोटं अर्धी. त्यांनी येताच डब्बा जीपला नीट अडकवला, जीपचा ब्रेक ओढला, चांगल्या चाकाच्या पुढंमागं दगड लावले. कललेल्या बाजूला खालून दगड रचून दिले, म्हणजे आणखी कलायला नको. मग आत डोकावले. आत दोन देव्या आणि एक म्हातारी बाई तिघीही त्यांच्याकडे बघत होत्या. चाचांनी जॅक जमिनीवर ठेवला आणि त्यावरच बसले.

म्हणाले, "अंदर माणूस असन त मी जॅक नाही लावत, अम्मा. आपला उसूल हाये." आणि अर्धी बोटं वर करून दाखवली.

आता आली का पंचाईत! सासूबाई बाहेर आल्याशिवाय डब्बा वर जाणार नाही, आणि डब्बा सरळ झाल्याशिवाय सासूबाई हात सोडणार नाहीत, कारण हात सोडला की थोरली खाली. त्यात दुसरा वाद असा, की उचलणं म्हणजे हलवणं की नाही. हे म्हणाले, वर उचलणं हे हलवणं होत नाही, आडवं सरकवलं तर होतं. मी म्हटलं, हे कोणत्या पोथीत वाचलं? यांनी पोथीचं नाव सांगितलं नाही. त्याऐवजी कामावरचा ओळंबा आणला आणि थोरलीच्या नाकासमोर धरून ती किती कलली आहे ते मोजायला लागले. आधी बारीकसा आकडा सांगितला, मग पुन्हा मोजून दुसरा सांगितला. देवीला भिंतीसारखं मोजणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला, आणि तो माझाच नवरा.

एवढ्यात तांड्याचे नाईक आले. तांड्याचा वडीलधारा माणूस, डोक्याला मोठा फेटा. त्यांच्यामागून अर्धा तांडा. पोट्टे तर डब्ब्याच्या खालीच शिरायला लागले. चाचांनी त्यांना असं हाकललं की दोन कुत्रीही पळाली. सगळी गोष्ट ऐकून नाईक उकिडवे बसले, चिलीम पेटवली, आणि बऱ्याच वेळानं खिडकीकडे पाहत सासूबाईंना आपल्या बोलीत आई म्हणून हाक मारत म्हणाले, "याडी, आमचे आजे देव बैलाच्या पाठीवर घेऊन मुलुख फिरले. देव बसला तो बसला. चालते तो बैल."

आतून सासूबाई म्हणाल्या, बरोबर हाये, उचला. पण मी हात सोडत नाही.

चाचा म्हणाले, अम्मा, माणूस अंदर असन त नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या ते मी आजवर विसरले नाही. आवाजात रडणं नाही, रुसवा नाही, बाजारात भाव सांगावा तसं साधं बोलल्या. "मले माणसात नोका धरू, मिस्त्री. सामानात धरा. इथं आली बी तशीच."

हे ओळंबा हातात धरून खाली बघत राहिले. चाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "अम्मा, सामान बी बाहेरच काढा लागते."

मला रडावं की भांडावं कळेना. शेवटी राग आला, कारण रागाची मला सवय होती. दिरांचा राग, जाऊबाईंचा राग, लिलावाचा राग. तो सगळा मी त्या धड उभ्या असलेल्या उजव्या चाकावर काढला. एक लाथ घातली. हाच एक मेला ताठ उभा म्हणून सगळं वाकडं, असं काहीतरी बोलले. आणि बोलता बोलता मला माझे बाबा आठवले. आमच्या बाजेचा एक खूर झिजला होता तर बाबांनी त्याला चकती लावायची सोडून बाकीचे खूर कापायला घेतले. हा थोडा जास्त कापला, म्हणून तो कापला, करता करता बाज गुडघ्याच्या खाली आली. आई जन्मभर त्यांना हसली. पण बाज सरळ झाली होती, हे तिनं कधी कबूल केलं नाही.

मी चाचांना म्हटलं, याची हवा सोडा.

"भाभी, हा चांगला चाक हाये."

म्हणूनच सोडा, म्हटलं.

चाचांना कळायला एक क्षण लागला. मग ते हसले नाहीत, पण उठले. चांगल्या चाकाची हवा सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं हे दिसत होतं. मी विचारलं, आता आत माणूस आहे, ते चालतं का? तर म्हणाले, डब्बा जमिनीकडे जाऊन राह्यला, त्याले काही डर नाही, डर वर जाण्याचा. हे आत गेले, ओळंबा धरून दारातून ओरडत राहिले, अजून, अजून, थोडं, बस. हवा सूं करत जात होती, तांडा श्वास रोखून बघत होता, आणि थोरली धाकटीच्या खांद्यावरून हळूहळू उठून सरळ उभी राहिली. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. दोन्ही चाकं भुईसपाट, डब्बा अगदी समतल. मोटारीच्या चाकांचं काम करायला आलेल्या माणसानं आधी चांगलं चाकही बिघडवलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

सासूबाईंनी एक हात सोडला. थांबल्या. दुसरा सोडला. देव्या हलल्या नाहीत. मग त्या दारात आल्या; हात बधिर झालेले, मी आणि नाईकांनी धरून उतरवलं. त्यांच्यामागून चाचांनी खरोखरच सामान बाहेर काढायला लावलं: ट्रंक, पिंप, घागरी, गाद्या, आणि कोपऱ्यातलं ते गाठोडं. आत राहिल्या फक्त दोघी.

पुढचं काम चाचांच्या पद्धतीनं झालं. चाकं जमिनीवर असतानाच नट ढिले केले. काळी माती ओली, जॅक तिच्यात रुतून बसेल, म्हणून खाली रुंद फळी पाहिजे. फळी कुठली? जेवणावळीचे पाट मी रांगोळी काढून मांडून ठेवले होते, त्यातले दोन गेले. एक जॅक चाचांचा, एक जीपचा, दोन्ही आसाखाली. पत्र्याला लावायचा नाही, पत्रा दुमडतो. इकडे एक फेरा, तिकडे एक फेरा, दर फेऱ्याला हे दारात टांगलेल्या ओळंब्याकडे पाहून मान हलवत. हवं तेवढं वर आल्यावर तांड्यातून आणलेले सागाचे ओंडके आडवे-उभे रचून डब्ब्याच्या सांगाड्याखाली सरकवले आणि भार त्यांच्यावर घेतला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवला त्याची ही निशाणी, असं म्हणून पुन्हा ती अर्धी बोटं. एक टायर बदलायचा, दुसऱ्यात हवा भरायची.

मधेच नैवेद्याची वेळ झाली. देव्या हवेत, आम्ही जमिनीवर. चाचा म्हणाले, आरती करा, पण अंदर जायचं नाही आणि टाळ्या दूर उभं राहून वाजवा. मी तबक हातात घेऊन मान वर करून ओवाळलं. दिवा त्यांच्या पायांपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. सासूबाई नाईकांशेजारी पालथ्या घागरीवर बसून दारातून त्या दोघींकडे बघत होत्या. रिकाम्या घरात आणखी कोणी नसताना त्या मोठ्या थाटात उभ्या होत्या.

डब्बा खाली आला तेव्हा ऊन कललं होतं, पण डब्बा नाही. चाचांनी हलवून पाहिलं, नट पुन्हा आवळले, आणि मगच सामान आत न्यायला परवानगी दिली. पुरणपोळी जेवून त्यांनी चांगल्या चाकाची हवा सोडल्याबद्दल मला एक टोमणा मारलाच.

सामान आत लावायचं काम माझं. ट्रंक, पिंप, गाद्या झाल्या. शेवटी गाठोडं उरलं. मी ते दाराजवळ ठेवलं नाही. कपाट उघडलं, गाठ सोडली, एकेक लुगडं घडी करून रिकाम्या खणात लावायला लागले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना दिसत होतं. मला वाटलं आता म्हणतील, कशाले पसारा. मी मागं वळून पाहिलं नाही, हात चालू ठेवले.

"वरच्या खणात ठेव व," त्या म्हणाल्या. "मले रोज वाकता येत नाही."