चिपचं वर्णन, त्याच्याच नावाने

नवरा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि मी बदलापूरच्या घरात त्याचा संगणक सुरू केला. एक ईमेल उत्तराविना पडून होती.

आम्ही दोघं अंबरनाथला, आनंदनगरच्या एका छोट्या कंपनीत वायरलेस यंत्रं बनवायचो. आमच्या यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरातली माणसं मिळून लिहितात. बोर्डावर कोणती चिप कुठे जोडली आहे, हे त्या कर्नलला लिहून सांगावं लागतं, आणि ते कसं लिहायचं याचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या वायरलेस चिपचा मसुदा त्याने लिहिला होता. तपासणारे गृहस्थ परदेशातले, कधी न भेटलेले. त्यांनी एका ओळीखाली विचारलं होतं, 'वीज दिल्यावर चिपसाठी थोडं थांबावं लागतं, हे माहितीपुस्तिकेत कुठे दिलं आहे?'

लेखक आता हयात नाही, उत्तर मी देईन, असं मी कळवलं. त्यांनी सांत्वन केलं आणि सुचवलं, मजकूर तुमच्याच नावाने नव्याने पाठवा, सोपं जाईल. मला सोपं नको होतं. लेखक म्हणून त्याचंच नाव लागायला हवं होतं.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. थांबण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

तरी त्याने ते स्वतःच्या मनाने लिहिलं नसणार, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं, ही चिप आपल्या बोर्डावरून काढून दुसऱ्या वीजपुरवठ्यावर लावून बघू.

"वहिनी, छोडो ना. भाऊंनी लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असेल."

"बघूनच लिहिलंय. पण एकाच बोर्डावर बघितलंय."

त्याने कुरकुरत चिप सोडवली. नव्या पुरवठ्यावर ती क्षणभरही न थांबता चालू झाली. सावकाश चढत होती ती आमच्या बोर्डावरची वीज. नवरा रोज तोच बोर्ड हाताळायचा. बोर्डाची सवय त्याने चिपच्या नावावर टाकली होती.

"आता?" सहकारी म्हणाला. "राहू दे ना ती ओळ. आठवण म्हणून."

"आठवणीला घर आहे. ही ओळ राहिली तर कुणाचं तरी चांगलं यंत्र उगाच थांबेल."

"भाऊंनी भांडण काढलं असतं हां."

"काढलं असतं. मग स्वतः मोजून बघितलं असतं आणि जेवताना गप्प बसला असता."

ओळ पुसायला वेळ लागला. बाकी एकही शब्द हलवला नाही. काही वाक्यं मी वेगळी लिहिली असती, पण ती चूक नव्हती. वर लेखक म्हणून त्याचं नाव तसंच ठेवलं. दुसऱ्याच्या मजकुरात काय बदललं ते चौकोनी कंसात सांगायची तिथे रीत आहे. मी लिहिलं, 'थांबण्याची ओळ काढली. ती गरज आमच्या बोर्डाची आहे, चिपची नाही.' त्याखाली माझं नाव.

तपासणाऱ्यांनी आणखी दोन शंका काढल्या. दोन्हींची उत्तरं पुस्तिकेत होती. पान क्रमांक देऊन पाठवली. नावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

मसुदा मंजूर झाल्याची ईमेल आली तेव्हा मी आधी लेखकाचं नाव पाहिलं. मग पूर्ण मजकूर, एकेक ओळ, सावकाश वाचला.