धुळ्याची क्लॅरोनेट, मेहरूणची वरात

माझ्या पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि नाना ऐकत होते. नाना म्हणजे माझे वडील, धुळ्यातल्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. उन्हाळा नुकताच लागला होता, मांडवाचं कापड तापलं होतं, आई माझ्या गळ्यात पडली होती आणि नाना दोन पावलं मागे, मान एका बाजूला करून उभे. बँडवाल्यांमध्ये तेव्हा एक रीत होती, कदाचित अजूनही असेल. स्वतःच्या मुलीच्या लग्नात बापाने वाजवायचं नाही आणि त्याच्या बँडनेही सुपारी घ्यायची नाही. बापाने त्या दिवशी नुसतं बाप म्हणून उभं राहायचं. म्हणून दुसऱ्या पेठेतला बँड बोलावला होता आणि त्यांचा क्लॅरोनेटवाला वरच्या सुरात सारखा घसरत होता. गाडीत बसण्याआधी मी नानांच्या पाया पडले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, “त्यानी रीड वल्लीच करी नही.” रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बांधलेली वेताची पातळ पट्टी, ती ओली केल्याशिवाय सूर धरत नाही. बापाचा निरोप म्हणून एवढं एक वाक्य घेऊन मी जळगावला आले.

तुम्ही हसाल, हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीतले कोणी दुबईला गेले, कोणी पुण्याला, एक जण तर पार कॅनडात बर्फ उपसतो आहे. त्यांनी गाव सोडल्याचं लिहिलं तर शोभतं. धुळ्याहून जळगावला म्हणजे एसटीचे अडीच-तीन तास, मध्ये पारोळा, एरंडोल, की आलंच. याला कोणी स्थलांतर म्हणतं का? पण तुम्ही विमानात बसलात आणि एका झोपेत सगळं बदललं. मी एसटीच्या खिडकीत बसून बदलताना ऐकलं आहे. धुळ्याच्या स्टँडवर बायका ‘आहे’ला ‘शे’ म्हणत चढतात, मग मध्येच कुठेतरी एखादी ‘हाये’ म्हणणारी चढते, आणि जळगाव येईपर्यंत ‘शे’ म्हणणारी मी एकटीच उरते. ते नेमकं कुठे बदलतं याचा मी कितीतरी वर्षं शोध घेते आहे. दर खेपेला कान देऊन बसते आणि दर खेपेला पारोळ्यानंतर झोप लागते.

सासर जळगावच्या मेहरूण भागात, तलावापासून चालत जाता येईल एवढं जवळ. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. नवऱ्याचं दुकान, माझी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. सकाळी सॅम्पल गोळा करायचे, दुपारी रिपोर्ट. उन्हाळ्यात इथला दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो हे मी अक्कांकडून शिकले. पहाटे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालून घ्यायचे, दहाच्या आत बाजार, मग दारं लावून कूलरपुढे पडायचं आणि ऊन कललं की पुन्हा माणसांत यायचं. संध्याकाळी तलावाच्या काठाने अर्धं जळगाव चालत असतं, हातात मोबाईल, मोबाईलवर अहिराणी गाणी. मी धुळ्यात असताना अहिराणी ही आईने ओरडायची भाषा होती. शाळेत बोललो तर बाई डोळे वटारायच्या. आता तिच्यावर पोरं नाचतात, व्हिडिओ काढतात. ‘शे’ न म्हणणारेही नाचतात. मला याचं फार नवल वाटतं आणि थोडा रागही येतो. आम्ही बोलायचो तेव्हा कुठे होतात?

धुळ्याचा फोन रोज रात्री यायचा. आई पहिलं वाक्य तेच बोलायची, “जेवनी का?” मी जेवले असो की नसो, उत्तर हो. मागे नाना फुंकून फुंकून वाद्य पुसत असायचे, त्याचा आवाज यायचा. मग नानांचे पुढचे दात पडले. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवायची असते. कवळी बसवली, पण कवळीवर वाद्य हलतं. एका वरातीत कवळीच निखळली आणि त्या दिवसापासून नानांनी क्लॅरोनेट पेटीतून काढली नाही. त्यांच्या बँडनेही पुढे डीजेची गाडी घेतली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. फोन यायचा बंद झाला, कारण नानांना फोनवर काय बोलायचं ते कधी कळलंच नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर मी जाऊन त्यांना घेऊन आले. खोलीला कुलूप लावलं, किल्ली शेजारी ठेवली, क्लॅरोनेटची पेटी तेवढी त्यांनी सोबत घेतली. अक्का म्हणाल्या, “बरं केलं. एकटा माणूस काय खातो, काय पितो.” मला मात्र भीती वाटत होती. नाना या घरात दिवसभर करणार काय? मुलीच्या घरी बाप फार दिवस राहत नाही, ही समजूत त्यांच्या पिढीची. पहिले काही दिवस ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसायचे, पाणीसुद्धा मागून घ्यायचे नाहीत.

मग लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात निघाली. मी भाकरी करत होते. नाना लुंगी-बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते. वळून पाहिलं तर दार रिकामं. अक्का म्हणाल्या, “कुठी गेले नाना? चपला त इठीच हायेत.” आम्ही तलावापर्यंत शोधून आलो. अंधार पडल्यावर एका स्कूटरवर मागे बसून नाना परत आले. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर कोरा टॉवेल, कपाळाला टिळा. झालं होतं असं, की क्लॅरोनेट ऐकून ते वरातीत शिरले आणि वाजवणाऱ्याच्या बाजूने चालत चालत थेट मांडवापर्यंत गेले. तिथे मुलीकडच्यांनी पाहिलं, म्हातारा माणूस वरातीच्या अगदी पुढे, म्हणजे नवरदेवाचा कोणी मोठा आबा. त्यांनी पाय धुतले, टोपी-टॉवेल देऊन मान केला. नवरदेवाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडचेच कोणी. नानांनी कोणालाच काही सांगितलं नाही, कारण त्यांचं लक्षच नव्हतं. पाय धुऊन घेतानाही ते बँडवाल्यांना विचारत होते, “काय वाजाडी ऱ्हायनात हाई? इतलं पळत का बरं?”

स्कूटर चालवणारे त्या बँडचे मालक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते हसत हसत म्हणाले, “ताई, तुमचे वडील मास्तर आहेत हे आधी सांगायचं ना.” दुसऱ्या सकाळपासून नाना भाऊंच्या शेडमध्ये जायला लागले. ऊन चढायच्या आत तिथे रिहर्सल चालते. दोन क्लॅरोनेट, ट्रम्पेट, ढोल आणि गाडीवर बसवलेला कीबोर्ड, त्याला ते पॅड म्हणतात. नाना काही वाजवत नसत. बसून ऐकत, मध्येच बोट वर करत. बोट वर झालं की सगळे थांबत. तेच अहिराणी गाणं धुळ्याला ठाय लयीत वाजतं आणि जळगावला धावत वाजतं, असा शोध त्यांनी लावला. का, यावर त्यांचं आणि भाऊंचं रोज भांडण. भाऊ म्हणायचे, इथे रस्ते लांब आहेत, वरात मांडवापर्यंत पोचायला हवी. नाना म्हणायचे, वरात पोचवायची नसते, रेंगाळायची असते. मला दोन्ही पटायचं. मी लॅबमध्ये जाताना शेडवरून मुद्दाम वळसा घालून जायची आणि ओळखायचा प्रयत्न करायची, आज कोण जिंकलं आहे.

नाना जेवायला लागले. गच्चीवर अक्कांचे बिबडे राखत बसायचे. अक्का आपल्या बोलीत गप्पा मारायच्या, नाना आपल्या. मला वाटलं, झालं, बसले नाना इथे. भीती गेली.

मग आखाजी जवळ आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खान्देशातल्या सासुरवाशिणीसाठी तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी. बाप किंवा भाऊ न्यायला येतो, पोरी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. न्यायला येणाऱ्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. आमच्या गल्लीतल्या सुना एकेक करून निघायला लागल्या. कोणाचा भाऊ मोटारसायकलवर, कोणाचे वडील एसटीने, हातात आंब्याची पिशवी. नाना ओट्यावर बसून पाहत होते. त्यांनी अक्कांना विचारलं, “हाई का बरं नही जाई ऱ्हायनी?” म्हणजे मी का जात नाही. अक्का सहज म्हणाल्या, “ते कुठी जाईन आता? तिचं माहेर त इठीच येऊन बसलं.”

अक्कांच्या मनात काही नव्हतं. मीही हसले. नाना हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते शेडमध्ये गेले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी पिशवी भरली, शेजारी ठेवलेल्या किल्लीबद्दल विचारलं आणि म्हणाले, धुळ्याला जाऊन येतो. मला वाटलं, बँकेचं काही काम असेल. मी म्हटलं, ऊन आहे, सणानंतर जा. त्यांनी ऐकलं नाही. ते गेल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. कपड्यांबरोबर क्लॅरोनेटची पेटीही गेली होती. ज्या वाद्याला ते हात लावत नव्हते ते सोबत नेलं म्हणजे ते परत येत नाहीत. मी रात्रभर स्वतःला विचारत राहिले, आपण कुठे कमी पडलो?

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून नाना उभे होते. पांढरा सदरा, टोपी, हातात आंब्याची पिशवी. आत आले आणि महिनाभर ज्या खुर्चीवर रोज बसत होते तिच्या टोकावर बसले. मी पाणी दिलं. अक्कांकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि कधी न भेटल्यासारखं म्हणाले, “आंडेरले लेवाले उनू.” मुलीला न्यायला आलो आहे.

अक्का पदर सावरून म्हणाल्या, “जेवल्याबिगर जाऊ देणार नाही हो नाना,” आणि मला आत जाऊन आवरायला सांगितलं.

वाटेत मी म्हटलं, नाना, तुम्हाला जळगावला काय कमी होतं? बँड आहे, माणसं आहेत. धुळ्याला आता कोण आहे तुमचं? ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, “कमी काहीच नही व माय. बठ्ठं चांगलं शे. पन मी तठेच ऱ्हायनू ते तुले लेवाले कोन यी?”

ते जळगावलाच राहिले तर मला न्यायला कोण येणार. पारोळा मागे पडला, पण त्या दिवशी मला झोप लागली नाही.

आता नाना धुळ्यातच राहतात, एका खोलीत, एकटे. सकाळी भाऊंचा फोन जातो, शेडमधलं वाजवणं त्यांना ऐकवलं जातं आणि ते तिथून ‘हळू, हळू’ म्हणतात. मला काळजी वाटते, त्यांनी जेवण केलं की नाही ते आता मी रोज विचारते. माहेरी जाऊन मला काही विसावा मिळतो असंही नाही. कुलूप उघडून झाडायचं मी, पाणी भरायचं मी, चूलही मीच पेटवायची. झोक्याला दोर बांधायलाही शेजारणीला बोलवावं लागतं.

तुम्ही लांब गेलेले मला विचारता, घर म्हणजे काय वाटतं गं तुला आता, धुळं की जळगाव? मला दोन्ही आवडतात आणि दोन्हींबद्दल अजून खूप काही कळायचं आहे. पण आखाजीच्या आदल्या दुपारी लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन मी पिशवी भरते आणि अक्का नानांचं ताट वाढून ठेवतात. यंदाही ठेवलं होतं. माझ्यासाठी कोणीतरी उन्हातून निघालेलं असतं.