विहिरीवरचा सिनिअर

गेल्या डिसेंबरात केळझरच्या एका शेतात आम्ही जुन्या मोटारीच्या एका इंजिनाचं वय ठरवलं. इंजिन न उघडता ते ठरवावं लागलं.

मी सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. गाव आंजी. इंजिन नामदेवकाकांचं. त्यांचा मुलगा, नायक सुधाकर, माझ्या सेक्शनमध्ये होता. वांग्यांना पाणी द्यायला सुधाकरच्या आजोबांनी मोडीतल्या मोटारीचं इंजिन काढून विहिरीवरच्या पंपाला जोडलं होतं. मोटार कोणती होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

इंजिनाच्या वयावरून बापलेकात वाद होता. काकांचा जन्म स्वातंत्र्याच्या सालचा. सुधाकरच्या मते इंजिन त्याहून जुनं. "फौजेत ज्युनिअर सिनिअरले सॅल्यूट मारते, बाबा. तुमी रोज सकाळी याले मारत जा."

"पयले दाखव तं खरं, मंग मारतो," काका म्हणायचे.

शेवटच्या सुटीत त्यानं इंजिन दुरुस्त केलं. वयाचं राहिलं. "पुढच्या सुट्टीत उस्तादले घेऊन येतो," असं सांगून तो गेला. उस्ताद म्हणजे मी.

आमचं युनिट तेव्हा अरुणाचलमध्ये होतं. बंद पडलेला ट्रक ओढून आणायला सुधाकर रिकव्हरी गाडी घेऊन निघाला. पाऊस होता. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"ट्रक मिल गया, उस्ताद. हुक लगा रहा हूँ. ओव्हर."

"रॉजर."

त्यानंतर मी दोनदा कॉल दिला. उत्तर आलं नाही. वरून दरड त्याच्यावरच आली होती. त्याच्या सामानाची पेटी केळझरला मीच पोचवली.

माझ्या निवृत्तीनंतर काकांनी निरोप धाडला. मी पाने-पकडी घेऊन गेलो. साइड व्हॉल्व्ह, चार सिलिंडर, सहा व्होल्टचा डायनॅमो. अशी इंजिनं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीही बनत, नंतरही. कार्ब्युरेटर बदललेला होता. इंजिन नंबर घासून गेला होता. उरली ती ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर, ओततानाच उमटवलेली तारीख. ती मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या, मागे असावी, असा अंदाज होता.

मॅनिफोल्डच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. नट नीट आवळून झाला की वर्कशॉपमध्ये आम्ही नटापासून खालच्या धातूपर्यंत अशी रेघ ओढतो. नट हलला की रेघ तुटते. मी पाना लावला.

"खोलू नको, बापा," काका म्हणाले. "थे त्यानं आवळले हायेत."

"मंग वय कसं समजन, काका?"

"उस्ताद हायेस ना? थो तं सांगे, उस्तादले सगळं येते म्हणून."

मी पाना खाली ठेवला. ब्लॉक आणि मॅनिफोल्डमध्ये बोटभर फट होती. मी लहान आरसा मागितला. काका घरात गेले आणि सुधाकरच्या पेटीतला दाढीचा आरसा घेऊन आले. मी तो फटीत सरकवला. काकांनी टॉर्च धरला. आरशात अंक उलटे दिसतात, म्हणून दोनदा वाचले, मग बोटानं चाचपले. नोव्हेंबर, शेहेचाळीस.

"शेहेचाळीस, काका."

काकांनी फटीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे तं ब्लॉकचं झालं. मोटर रस्त्यावर माह्यानंतरच आली असन."

"असू शकते."

"फौजेत सर्व्हिस कवापासून धरतेत? ड्युटीवर गेल्यापासून का?"

"भरतीपासून."

काकांनी टॉर्च बंद केला. "भल्लाच हट्टी पोट्टा होता. पण खरं सांगून राह्यला होता."

त्यांनी टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि इंजिनाला सॅल्यूट केला. कोपर खाली पडलं होतं. मी त्यांच्या शेजारी सावधानमध्ये उभा राहिलो.

आरसा पुसून पेटीत ठेवला. नटांवरच्या सगळ्या रेघा अखंड आहेत.